मार्कोनीसाहेबांचा खड्डा

कोकणनगरातल्या सागरछाया सोसायटीच्या आवारात, पार्किंगच्या डाव्या हाताला, सिमेंटचं झाकण असलेला एक चौकोनी खड्डा आहे. झाकण ओलं असतानाच त्यावर कोणीतरी खिळ्याने 'मार्कोनी' असं कोरून ठेवलंय. हा खड्डा हमीदभाईंनी स्वतःच्या कानासाठी खणून घेतला, असं बिल्डिंगमधलं शेंबडं पोरही सांगेल, आणि ते अगदीच खोटं नाही. माणसाच्या कानासाठी जमिनीत खड्डा का खणावा लागतो, हे कळायला मात्र गेल्या एप्रिलपर्यंत मागे जावं लागेल.

हमीदभाईंचं आडनाव मार्कोनी नव्हे. बावीस वर्षं ते मालवाहू बोटींवर रेडिओ ऑफिसर होते, आणि रेडिओ ऑफिसरला आपल्याकडे मार्कोनीच म्हणतात. पुढे उपग्रह आले, बोटीवरची ती जागाच गेली, हमीदभाई घरी आले. पण नाव राहिलं आणि कानाचा तोराही राहिला. वादळात, इंजिनाच्या धडधडीत, शंभर बोटींच्या टिकटिकीतून आपल्या बोटीपुरती टिकटिक आपण कशी वेचून काढायचो, हे ते कोणालाही सांगत. विचारलं नाही तरी सांगत. त्यांची बायको हफीजाबी तोवर पानं वाढत असे.

त्या काळी दर्यावरच्या आणि आखातातल्या माणसांच्या घरी पत्रांपेक्षा कॅसेट जास्त चालत. लिहायचं कोणी, वाचून कोणी दाखवायचं, त्यापेक्षा टेपरेकॉर्डरसमोर बसावं आणि बोलावं. हमीदभाई नव्वद मिनिटांची कॅसेट दोन्ही बाजूंनी भरून पाठवत. कुठल्या बंदरात किती गहू उतरवला, वारा कुठून होता, घरच्या वाशांना पोखरणारा ओळंबा लागला असेल तर काय करावं, अद्नानला दूध किती द्यावं, सगळं त्यात असे. घरून येणारी कॅसेट पंधरा मिनिटांत संपायची.

अशीच एक कॅसेट त्यांच्या कपाटात छत्तीस वर्षं जपलेली होती. आईची शेवटची. तिच्यात सुरुवातीला आई म्हणते, "बाबा, तुझी कॅसेट सगळी ऐकली, आमच्या दोघींच्या डोळ्यांना पाणी आला." मग घरचं क्षेमकुशल, मग खुदा हाफिज. त्यानंतर थोडी शांतता, आणि मग फार दुरून, कापडाखालून यावं तसं आईचं काहीतरी पुटपुटणं. दोन मिनिटं. बोटीवर इंजिनाच्या आवाजात शब्द कळले नाहीत, पण हमीदभाईंना तेव्हाच उमगलं की आई आपल्यासाठी दुआ मागते आहे. महिन्याभराने ती गेली. तेव्हापासून आईची दुआ ही त्यांच्या आयुष्यातली पहिल्या नंबरची गोष्ट झाली. सांगता सांगता ती दुआ थोडी लांबलीही होती. गेल्या वर्षी तिच्यात मक्केचा उल्लेख आला.

हफीजाबीला कोणी विचारलं, "तुम्ही होतात ना तिथे?" तर ती म्हणे, "असेल. कोणाला आठवताय इतक्या वर्षांचा." आणि उठून आत जाई.

यंदा मे महिन्यात अद्नान बायकोपोरीसह दोह्याहून येणार होता. नात झरीनचं कुराण वाचून पूर्ण झालेलं. तिच्या आमीनचा कार्यक्रम इथेच, पाहुण्यांना जेवण घालून करायचा ठरला. हमीदभाईंनी फोनवर जाहीर करून टाकलं, की त्या दिवशी पणजीची दुआ स्पीकरवर लावून झरीनला ऐकवणार. शब्द न् शब्द लिहून काढून देणार. अद्नानला इतकं भरून आलं की त्याने लगेच बाबांसाठी इयरफोन पाठवले. साधे नव्हेत. स्टेजवर गाणारे कानात खोल घालतात तसले, शेंगदाण्याएवढे, मखमली डबीतले.

"राहूंदे ना," हफीजाबी म्हणाली. "जुनी कॅसेट. तुटली बिटली तर तीही जाईल."

पण हमीदभाईंनी मारुती मंदिराजवळच्या विनीतच्या दुकानातून कॅसेट कॉम्प्युटरात उतरवून आणली, आंघोळ करून टेबलाशी बसले, इयरफोन कानात घातले, आणि काहीही लावायच्या आधीच त्यांना ती ऐकू आली. सूंसूं. कुकरची शिटी व्हायच्या आधी जो बारीक आवाज सुटतो ना, अगदी तो. आईचं पुटपुटणं त्या सूंसूंच्या मागे कुठेतरी होतं, दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसासारखं.

आता दुसरा कोणी असता तर इथेच खचला असता. हमीदभाई शिस्तीचे. त्यांनी वही काढली, तारीख घातली, आणि तपासणी सुरू केली. कॅसेट लावली, सूंसूं आहे. बंद केली, तरी आहे. आवाज शून्यावर आणला, तरी तेवढीच. कॉम्प्युटर बंद केला, गेली. निष्कर्ष: दोष कॅसेटचा नव्हे, कॉम्प्युटरचा. त्यांनी हफीजाबीला बोलावून इयरफोन तिच्या कानात घातले.

"काय ऐकू येतंय?"

"काय नाय."

"नीट ऐक. सूं असा आवाज."

हफीजाबीने नीट ऐकलं, नवऱ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "अवो, आवाज तुमच्या कानात हाय. सत्तरी आली. झरीनची आमीन होण्याआधी कानाच्या डॉक्टराला दाखवून घ्या. शेजारच्या कमळाबाईंच्या भावाला मशीन बसवलान, आता किती शहाण्यासारखा वागतो."

हे वाक्य हमीदभाईंच्या वर्मी लागलं. मार्कोनीच्या कानाला मशीन म्हणजे पोहणाऱ्याच्या पाठीला भोपळा. आता नुसती दुआ पणाला लागलेली नव्हती, कानाची अब्रूही लागली होती.

विनीत घरी आला. त्याने ड्रायव्हर बदलून पाहिला, सगळं पुसून पुन्हा भरलं, इयरफोनची पिन पुढच्या भोकातून काढून मागच्या भोकात घातली. मग कॉम्प्युटरचा डबा उघडून आत अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळली. ती फॉइल हफीजाबीने बिर्याणीसाठी आणलेली होती, हे नंतर निघालं. शेवटी तो डॉक्टरसारखा बाजूला येऊन हळूच म्हणाला, "काका, मदरबोर्डच तसला आहे. तुम्ही साधे इयरफोन का नाही वापरत?" हमीदभाईंनी साधे लावून पाहिले. सूंसूं गेली हे खरं, पण त्याबरोबर आईही गेली. त्या इयरफोनना मोठ्याने ओरडलेलं तेवढंच कळायचं.

तेवढ्यात तळमजल्यावरचे सखारामदादा आले. वीज कंपनीतून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. जगातली नव्वद टक्के दुखणी अर्थिंगची असतात आणि उरलेली दहा पित्ताची, असं त्यांचं मत. त्यांनी इयरफोनला हातही लावला नाही. खिशातून बल्ब आणि वायर काढली, भिंतीतल्या प्लगात खुपसली. बल्ब लागला न लागला असा मिणमिणला.

"बगा," सखारामदादा म्हणाले. "दुखणा कानात नाय, जमनीत हाय. आपली बिल्डिंग सगळी कातळावर. जांभ्यात कुठली अर्थिंग मिळते? खड्ड्यात पाणी घालायला हवा. मीठ घालून."

हमीदभाईंना हा माणूस त्या क्षणी देवदूतासारखा वाटला. दुखणं कानात नाही असं म्हणणारा तो पहिला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळी नमाज झाली की हमीदभाई बादलीभर पाणी, त्यात ओंजळभर खडा मीठ, असं घेऊन आवारातल्या जुन्या अर्थिंगच्या खड्ड्यात ओतू लागले. आठ दिवस ओतलं. सूंसूं जशीच्या तशी. नवव्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरी नम्रताबाई खड्ड्याशी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. आता झालं असं होतं, की सगळ्या आवारात जांभा. मऊ माती तेवढी एकाच ठिकाणी, अर्थिंगच्या खड्ड्यात. नम्रताबाई कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतात. त्यांना मऊ माती दिसल्यावर त्यांनी तिथे मोगरा लावला होता. चार वर्षांचा. तो आता खारवलेल्या आंबोशीसारखा दिसत होता.

"मी विद्यार्थ्यांना दाखवायला फोटो काढले आहेत," नम्रताबाई शांतपणे म्हणाल्या. "मीठ घातल्यावर मूळ कसं मरतं ते."

नोटीस लागली. तिच्यात 'सभासद क्र. १२ यांनी खाजगी आवाजाच्या निवारणार्थ सामाईक मोगऱ्यास क्षार दिल्याबाबत' असा विषय होता. हमीदभाईंनी आयुष्यात वादळं पाहिली होती, पण सामाईक मोगरा हा शब्द त्यांना झोंबला. त्यांनी खुलासा दिला, तीन पानी. मग खास सभा भरली, आणि सभेत हमीदभाईंनी पुरावा म्हणून कॉम्प्युटरच आणून ठेवला. चौदा सभासदांनी ओळीने इयरफोन कानाला लावले. दर दोघांमागे हफीजाबी ते स्पिरिटने पुसत होती. डोक्यावर पंखा घरघरत होता, पोरं जिन्यात पकडापकडी खेळत होती, आणि तेरा जण ऐकता ऐकता बोलत होते. कोणालाच सूंसूं ऐकू आली नाही. एकाला समुद्र ऐकू आला, पण तो भिडस्त होता.

"म्हणजे आवाज नाही," नम्रताबाई म्हणाल्या.

"आवाज असो नसो," सखारामदादा उठून म्हणाले, "अर्थिंग मेलेली हाय, ती मी बल्ब लावून दाखवतो. उद्या कोणाच्या गिझरला शॉक लागला तर बोलू नका."

गिझर सगळ्यांकडे होते. ठराव एकमताने झाला. पार्किंगच्या बाजूला नवा खड्डा, देखरेख सखारामदादांची, आणि जबाबदारी, म्हणजे काही चुकलं तर शिव्या खाण्याची, सभासद क्रमांक बारा यांची.

ब्रेकर आला. जांभा फुटायला लागला तशी सागरछाया हादरायला लागली. कमळाबाईंच्या कपाटातले कप दोन दिवस किणकिणत होते. सखारामदादा खुर्ची टाकून बसले होते आणि 'अजून, अजून' म्हणत होते. तिसऱ्या दिवशी पाच फुटांवर खड्ड्यातून पाणी उसळलं. सखारामदादांना आनंद झाला. ओल लागली, ते म्हणाले, आता अर्थिंग बघा. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कोणीतरी ओरडलं की नळाचं पाणी गेलं. फुटली होती ती ओल नव्हती, बिल्डिंगची पाण्याची लाइन होती. मे महिना होता, हे वेगळं सांगायला नको.

लाइन जोडायची परवानगी काढायला हमीदभाई स्वतः नगरपरिषदेच्या कचेरीत गेले. अर्जात एक रकाना होता, 'खोदकामाचे प्रयोजन'. हमीदभाई खरं बोलणारे. त्यांनी लिहिलं, 'कानातील आवाज'. टेबलापलीकडच्या माणसाने ते दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचलं, आणि अदबीने म्हणाला, "आजोबा, हे सिव्हिल हॉस्पिटलात घेऊन जा. तिथे अकरापर्यंत केसपेपर मिळतो."

तीन दिवस बिल्डिंगने टँकरचं पाणी बादल्यांनी भरलं. जिन्यात भेटणारा प्रत्येक जण हमीदभाईंना एकच प्रश्न विचारी, आणि तोही मुद्दाम हळू आवाजात: "काय मार्कोनीसाहेब, ऐकू येतंय ना?" चौथ्या दिवशी लाइन जोडली, खड्ड्यात तांब्याची पट्टी उतरली, कोळसा आणि मीठ भरलं, वर झाकण बसलं. सखारामदादांनी बल्ब लावला, लख्ख पेटला. सगळी बिल्डिंग हमीदभाईंच्या दारात जमली. हमीदभाईंनी बिस्मिल्ला करून इयरफोन कानात घातले.

अर्थिंगचा उपयोग अजिबात झाला नाही, असं म्हणता येणार नाही. आजवर सूंसूंच्या खाली एक 'घुं' असा जाड आवाजही होता. तो सूंसूंमुळे ध्यानात आला नव्हता. आता घुं गेला. त्यामुळे सूंसूं पूर्वीपेक्षा स्वच्छ ऐकू येऊ लागली.

"काय?" नम्रताबाईंनी विचारलं.

"फरक आहे," हमीदभाई म्हणाले. हे खरंच होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावरून सगळ्यांना सगळं कळलं आणि लोक आपापल्या बादल्या उचलून गेले.

आमीन चार दिवसांवर आली होती. दुपारचं जेवण झालं तरी हमीदभाई तसेच खुर्चीत बसून होते. त्यांना वाईट वाटत होतं, आणि भीतीही वाटत होती. आवाज खरंच आपल्याच कानात असला तर? बावीस वर्षं दर्यावर आपण जे जे ऐकलं, ते तरी होतं का?

हफीजाबी आडवी होत होती. पंखा जोरात होता. तिने हात लांब करून रेग्युलेटर दोन घरं मागे फिरवला आणि पाठमोरीच म्हणाली, "माझ्या जागी तुम्ही असतात तर पंखा हळू करायला वीज कंपनीत गेला असतात."

हमीदभाई उठून उभे राहिले. बोटीवरच्या पहिल्या आठवड्यात म्हाताऱ्या साहेबाने शिकवलेली पहिली गोष्ट त्यांना आठवली. कानाला जोर सोसेना तर जगाला दोष देऊ नको, मधली चावी कमी कर. सूंसूं प्रत्येकच कॉम्प्युटरात असणार. साधे इयरफोन बहिरे, त्यांना ती पोचत नाही. अद्नानने पाठवलेले इतके हळवे, की यंत्राचा श्वाससुद्धा त्यांना ऐकू येतो. उपाय जमिनीत नव्हता, वायरीवर होता.

अडगळीच्या खोक्यात एक जुना मोडका हेडफोन होता. त्याच्या वायरीवर आवाज कमीजास्त करायचं बारीक चाक. हमीदभाईंनी ते कापून काढलं, बोटीवरचं सोल्डरिंग आयर्न तापवलं आणि तासाभरात नव्या इयरफोनच्या वायरीत डकवलं. टाका सुबक पडला. मग वायरीवरचं चाक अगदी खाली, कॉम्प्युटरचा आवाज अगदी वर. सूंसूं दबली; इतकी की शोधावी लागली. म्हणजे आवाज यंत्रात होता आणि कान शाबूत होते. हमीदभाईंनी वहीत तारीख घालून तसं लिहिलं, खाली सही केली. मग आईची कॅसेट लावली आणि खुदा हाफिजच्या पुढे आले.

"झाली काय गो बंद?" ही आई. इतकी जवळ, की हमीदभाईंनी मान वळवून पाहिलं.

"झाली." ही हफीजाबी, तेव्हाची, कोवळ्या आवाजाची.

"त्याची कॅसेट सगळी ऐकलीस काय तू?"

"एक बाजू ऐकली. दुसरीला झोप लागली मला."

"मला पयलीलाच लागते. कुठे गहू उतरवलान नि कुठे कोळसा, आपल्याला काय करायचाय ता सांग." दोघी हसल्या. बराच वेळ हसल्या. तोंडाला पदर लावून हसतात तशा. मग आई म्हणाली, "त्याला कळवू नको हां. मी सांगितलंय, सगळी ऐकली नि रडलो म्हणून."

हमीदभाईंनी कानातले इयरफोन काढायला हात वर नेला. पण आई बोलत होती.

"पण एक सांगते गो. तो दर्यावर असला की माझा डोळा लागत नाय. रातभर आढा बगत बसते. तो बोलायला लागला म्हणजे घरात हाय असा वाटतो. मग झोप येते. तीच कॅसेट लाव परत. ऐकायला नको. नुसती चालू राहूंदे."

मग हालचाल, भांड्याचा आवाज, आणि हफीजाबी, कुजबुजत, "या अल्ला, ही चालूच हाय." खट्.

हमीदभाईंनी इयरफोन काढून ठेवले. डोळे पुसले. मग वहीत आजच्या तारखेखाली त्यांनी 'दुआ' एवढं लिहिलं, पुढे काही लिहिलं नाही, आणि वही मिटली.

आमीनच्या दिवशी घर भरलं होतं. सखारामदादा, नम्रताबाई, विनीत, सगळी बिल्डिंग आली होती. तीन दिवस बादल्या उचलल्यावर दुआ ऐकायचा हक्क प्रत्येकालाच होता. झरीनने सुरेख पठण केलं. अद्नानने स्पीकर पुढे आणून ठेवला आणि म्हणाला, "बाबा, लावा." दाराआड बायकांत उभ्या असलेल्या हफीजाबीचा चेहरा पांढरा पडला होता. तिला सगळं आठवत होतं. छत्तीस वर्षं आठवत होतं.

हमीदभाई उभे राहिले. "दुआच आहे," ते म्हणाले. "त्यात शंका नाही. पण आवाज फार बारीक आहे. मी पुष्कळ प्रयत्न केला. माझ्या कानांना आता ऐकू येत नाही."

मार्कोनींच्या तोंडून हे वाक्य आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

"मग खड्डा कशाला खणलात वो?" सखारामदादांनी विचारलं.

"गिझरसाठी," हमीदभाई म्हणाले, आणि झरीनच्या डोक्यावर हात ठेवून तिला आपल्या तोंडाने दुआ दिली. ती थोडी लांबली.

पाहुणे पांगल्यावर अद्नान बायकोपोरीला घेऊन भाट्याच्या किनाऱ्यावर गेला. घरात दोघंच राहिली. हफीजाबी दिवाणावर टेकली. मग म्हणाली, "ऐकलंत ना?"

"काय?"

"काय नाय. बुधवारची डॉक्टरांची वेळ घेतलेली, ती रद्द करते."

"राहूदे," हमीदभाई म्हणाले. "सगळ्यांच्या देखत बोललोय. जाऊन येऊ."

हफीजाबी हसली, तोंडाला पदर लावून. मग डोळे मिटून म्हणाली, "दमले वो. काहीतरी सांगा."

हमीदभाईंनी खुर्ची ओढली आणि सांगायला सुरुवात केली. जांभ्यात अर्थिंग का मिळत नाही, कोळसा किती घालावा, मीठ किती, तांब्याची पट्टी कुठल्या जाडीची घ्यावी. मिठापर्यंत येता येता हफीजाबीचा श्वास संथ झाला, मान कलली. हमीदभाईंनी ते पाहिलं. मग आवाज एक घर खाली आणला, आणि पट्टीच्या जाडीबद्दल पुढे सांगत राहिले.